अंधारात दिसणारी सायकल

१

आमच्या शेजारच्या कुवाबाराला टेम्पो चालवता येत नाही. हे साऱ्या मिनोसावा गावाला ठाऊक आहे, फक्त त्याला सोडून. कालव्याच्या कडेचा तो अरुंद रस्ता सासऱ्याने आंदण दिल्यासारखा हा माणूस मधोमध गाडी हाकतो. जुलैतल्या एका संध्याकाळी गावच्या गरम पाण्याच्या न्हाणीघरातून मी घरी येत होते, तेव्हा त्याने मला सायकलसकट भाताच्या खाचरात उतरवलं. धक्का लागला नाही, खोटं कशाला बोलू. मीच घाबरून हँडल वळवलं. पण अंघोळ करून आलेली बाई गुडघाभर चिखलात उभी, साबणाची डबी बेडकांच्या ताब्यात, आणि हा वर रस्त्यावर उभा राहून म्हणतो काय?

"हात्सुए वहिनी, दिसलाच नाहीत हो तुम्ही! सायकल काळी, कपडे काळे. अंधारात दिसायचं कसं माणसाला?"

"सायकल काळी आहे हे खरं," मी म्हटलं. "तुमच्या कपाळाखाली दोन डोळे लावलेत ते काय शोभेचे?"

"डोळे चांगलेत माझे. डॉक्टरने सांगितलंय."

"मग डॉक्टरचे तपासून घ्या."

नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. पण तेवढ्यावर भागलं असतं तर बरं. या शहाण्याने घरी जाऊन सेंदाईला माझ्या मुलीला फोन लावला. चिझुरुचा मला फोन आला तेव्हा मी अजून पायाच्या नखांतला चिखल काढत होते.

"आई, आता बास झालं. वय काय तुझं! अजून एकदा पडलीस ना, तर घर विकायचं आणि तू इकडे यायचंस. मी काही ऐकणार नाही."

इकडे म्हणजे सातव्या मजल्यावर, जावयाच्या राज्यात. आमचा जावई मोजेसुद्धा इस्त्री करून घालतो. मला म्हणून जी खोली राखून ठेवलीय तिच्या खिडकीतून समोरच्या इमारतीचे पाइप दिसतात. तिथे मी जाणार? आणि तेही हे घर आत्ता कुठे माझं झाल्यावर?

माझं झाल्यावर म्हणजे मार्चमध्ये नवरा गेल्यावर. आमचं ध्यान! तोकुजी त्याचं नाव. प्लायवुडच्या कारखान्यात कामाला होता, म्हणजे पगारापुरता होता. एकदा दुपारीच पिऊन कापायच्या यंत्रापाशी उभा राहिला आणि एका फटक्यात दोन्ही हातांची दोन-दोन बोटं देऊन आला. उरलेल्या तीन-तीन बोटांत पेला मात्र घट्ट बसायचा, त्याची काही अडचण झाली नाही. पुढे पिऊन गाडी चालवली म्हणून लायसन गेलं. तेव्हापासून याला गुत्त्यावरून घरी आणायचं काम माझ्या सायकलने केलं. मी पुढे दामटतेय आणि हा मागे कॅरिअरवर पोत्यासारखा, सीटखालची दांडी दोन्ही हातांनी धरून, बेसूर गात. बायकोच्या कमरेला धरायची लाज वाटायची म्हणे. प्यायची कधी वाटली नाही.

लिव्हरने गेला. मी रीतसर रडले, आलेल्या-गेलेल्यांना चहा दिला आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा या घरात एकटी झोपले. काय झोप लागली म्हणून सांगू! त्या झोपेसाठी मी कुणाशीही भांडेन. म्हणून ठरवलं, सायकल अशी रंगवायची की आंधळ्यालासुद्धा दिसली पाहिजे. मग बघू कुवाबारा काय बोलतो आणि चिझुरु काय बोलते.

२

अंधारात चमकणारा रंग मिळतो. दिवसभर किंवा दिव्याखाली उजेड पिऊन घेतो आणि काळोखात तोच उजेड हिरवट पांढरा होऊन बाहेर येतो. डब्यावर सूचना ही एवढी. आधी काचपेपर मारा, मग साधा पांढरा लावा, मग हा लावा, पातळ लावा, वाळू द्या, पुन्हा लावा. लिहिणाऱ्याचं काय जातं? पण मी सगळं केलं. दांड्या, हँडल, मडगार्ड, कॅरिअर, सीटखालची दांडी, काही सोडलं नाही. उरलेला रंग टाकवेना. तो दारातल्या पायरीच्या कडेला लावला, मोरीकडे जायच्या बोळात चिझुरुने बसवून दिलेल्या लाकडी कठड्याला लावला, आणि निजायच्या खोलीतल्या दिव्याची ओढायची दोरी असते ना, तिच्या टोकाच्या लिंबाएवढ्या लाकडी गोळ्यालाही लावला. रात्री उठलं तर चाचपडायला नको.

पहिल्याच संध्याकाळी एक गंमत कळली. ब्रश चुकून सायकलच्या दांडीवर राहिला होता. दिवा घालवला, ब्रश उचलला, तर सगळी दांडी चमकतेय आणि मधे ब्रशाच्या आकाराचा काळा तुकडा. उजेड तिथे पोचलाच नव्हता. मग मी कठड्यावर तळहात ठेवून बघितला, किल्ली ठेवून बघितली, मिरची ठेवून बघितली. हसले स्वतःशीच. म्हातारपणी खेळणं मिळालं.

शेवटचा थर दिला तो बोनचा पहिला दिवस होता, पितर घरी यायचा. दिवेलागणीला सगळ्या गल्लीत दारोदार तागाच्या काड्यांचे छोटे जाळ पेटले, वरून येणाऱ्यांना आपापलं घर सापडावं म्हणून. ज्याच्याकडे त्या वर्षी कुणी गेलं असेल त्याने वर एक पांढरा कंदीलही टांगायचा. नवीन मेलेल्याला वाट ठाऊक नसते. चिझुरुने कंदील आणि काड्या पोस्टाने पाठवल्या होत्या. मी खोकं न उघडता माळ्यावर टाकलं.

"आई, कंदील लावलास ना?" तिने फोनवर विचारलं.

"जिवंतपणी ज्याला स्वतःचं घर सापडत नव्हतं, त्याला मेल्यावर कंदिलाने काय सापडणार?"

"आई, असं बोलू नये गं."

"आणि जाळही करणार नाही. धुराने माझे डोळे चुरचुरतात."

सायकल मात्र बाहेर वाळत होती. पडवीच्या वाशाला कंदिलासाठी एक आकडा आहे, त्यालाच तिचं पुढचं चाक अडकवलं होतं, म्हणजे सगळीकडून वारा लागतो. काळोख पडला तशी ती उजळली. आमच्या दारात ना जाळ ना कंदील, आणि ही बया अशी लटकून चमकतेय की कालव्यापलीकडून दिसावी.

कुवाबाराची बायको मासाए कुंपणाशी आली. "अगंबाई हात्सुए, मी लांबून म्हटलं, लावला हिने अखेर कंदील!"

"सायकल आहे ती."

ती बघत राहिली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आत घे बाई ती. आजच्या दिवशी बरं नव्हे. दिवा काय, ज्याला त्याला दिसतो."

"ज्याला त्याला दिसावी म्हणूनच रंगवलीय. तुझ्या नवऱ्याला दिसली तरी मिळवली."

ती तोंड वाकडं करून गेली. बोनच्या शेवटच्या संध्याकाळी सगळ्यांनी पितरांना परत वाटेला लावायचे जाळ केले, तेव्हाही मी घरात पंख्याखाली बसून शाळकरी पोरांचं बेसबॉल बघत कलिंगड खाल्लं.

३

माझा नेम ठरलेला. उन्हं उतरली की टॉवेल आणि साबण टोपलीत टाकायचा, चष्मा घरीच ठेवायचा, कारण वाफेत त्याचा उपयोग नाही. कालव्याच्या रस्त्याने न्हाणीघर गाठायचं, गळ्यापर्यंत पाण्यात बसून गावातल्या बायकांची अक्कल किती उरलीय ते ऐकायचं आणि अंधार पडता पडता परत.

बोन संपल्यावर येताना सायकल जड लागायला लागली. जाताना नाही, येताना. न्हाणीघरापासून गुत्त्यापर्यंत ठीक. गुत्त्यापासून पुलापर्यंतही ठीक. पूल ओलांडला की मागून कुणी धरून ठेवल्यासारखी. मी हवा भरली. दुसऱ्या दिवशी तेच. साखळीला तेल दिलं. तेच. ब्रेक घासत असेल म्हणून ढिला केला, तर उतारावर थांबता थांबेना आणि परत खाचरात जायची पाळी आली.

शेवटी नाक मुठीत धरून कुवाबाराला दाखवली. त्याने मागचं चाक उचलून फिरवलं, कान लावून ऐकलं, वैद्य नाडी बघतो तसं.

"काही झालेलं नाही हिला. तुमचंच वजन वाढलं असेल, वहिनी."

"माझं वजन करायला नव्हतं बोलावलं तुम्हाला."

"पण काल मस्त दिसलात बरं का! पार देवळाच्या वळणावरून दिसलात. कबूल करतो. फक्त ते डबलसीट बंद करा. पोलिसाने बघितलं तर पंचाईत."

"कुणाला घेतलं मी डबलसीट?"

"मला काय माहीत? पुढचं सगळं चमकत होतं, मागचं कॅरिअर-मडगार्ड दिसत नव्हतं. म्हणजे कुणीतरी बसलं असणार ना त्यावर, पाय सोडून."

घ्या! डोळे चांगलेत म्हणे. मी त्याच्या हातावर काकडीच्या लोणच्याची वाटी टेकवली आणि त्याला कटवलं. पण तो गेल्यावर मागचं मडगार्ड फडक्याने पुसून बघितलं. धूळ नव्हती, चिखल नव्हता. फडकं स्वच्छच राहिलं.

४

त्या संध्याकाळी घरी आले, सायकल दारातल्या जागेत ट्यूबखाली लावली. चपला काढल्या, टॉवेल झटकला, पायरी चढले आणि बटण बंद केलं. एरवी मी तशीच स्वयंपाकघरात जाते. त्या दिवशी मागे वळून बघितलं.

हँडल चमकत होतं. दांड्या चमकत होत्या. पुढचं मडगार्ड चमकत होतं. कॅरिअर नव्हतं. कॅरिअरच्या जागी नुसता काळोख, आणि सीटखालच्या दांडीवर दोन्ही बाजूंना एक-एक काळा डाग, मुठीएवढा.

मी दिवा लावला. रिकामं कॅरिअर. वर टॉवेल नाही, पिशवी नाही, काही नाही. दिवा घालवला. पुन्हा तोच काळोख, त्याच जागी. लावला, घालवला. शेवटी मन घट्ट करून पायरीवरूनच वाकले आणि अंधारात हात पुढे केला. बोटांना थंड लोखंड लागलं, बाकी काही लागलं नाही.

रंग उडाला असेल म्हटलं. पिशवी घासून घासून उडतो. सकाळी सायकल उन्हात ठेवली आणि मग घोंगडी डोक्यावरून घेऊन तिच्यात शिरले. शेजाऱ्यांनी बघितलं असतं तर थेट सेंदाईला फोन. घोंगडीखाली कॅरिअर लख्ख चमकत होतं, सीटखालची दांडीही. रंगात खोट नव्हती. मग डोळे? डोळ्यांत खोट असेल तर डॉक्टर सांगेल, आणि डॉक्टर मला सांगायच्या आधी चिझुरुला सांगेल. म्हणजे घर गेलं. या गोष्टीबद्दल कुणापाशी तोंड उघडायची सोयच नव्हती. 'आई, तुला अंधारात काय काय दिसतं गं?' असं तिने गोड आवाजात विचारायचं आणि मी पाइपवाल्या खोलीत जाऊन पडायचं.

घोंगडीखाली बसून मी नीट विचार केला. रंग ठीक आहे. दिवा ठीक आहे. तरी कॅरिअरला उजेड मिळत नाही. म्हणजे दिवा आणि कॅरिअर यांच्या मधे काहीतरी येतं. ब्रशाची गोष्ट, तेवढीच. मी घोंगडी फेकून उन्हात येऊन उभी राहिले, आणि कितीतरी वेळ माझे हात गरमच होईनात.

५

घाबरले का? घाबरले. दोन दिवस न्हाणीघराला गेले नाही, घरात बादलीने अंघोळ केली. मग मासाए विचारायला आली, "बरं नाही का गं? चिझुरुला कळवू का?" झालं, तिसऱ्या दिवशी सायकल काढली.

पूल ओलांडला. मागचं चाक दबलं. सीटच्या स्प्रिंगा करकरल्या, अगदी पूर्वीसारख्या. आणि मला इतका संताप आला म्हणून सांगू! भीती कुठल्या कुठे पळाली.

"तोकुजी!" मी समोर बघत ओरडले. "मेल्या, तूच का रे हा?"

मागचं वजन जरासं हललं. हाक मारल्यावर माणूस सावरून बसतो ना, तसं.

म्हणतात, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. याची मेल्यावरही गेली नव्हती! चाळीस वर्षं याचं ओझं ओढलं, जाळलं, राख मडक्यात भरली, दगडाखाली ठेवली, आणि हा पुन्हा कॅरिअरवर येऊन बसला, फुकटात. त्या दिवसापासून मी रोज पुलापासून घरापर्यंत त्याची खरडपट्टी काढायला लागले. पहिल्या वर्षापासून सुरुवात केली. विषयांना तोटा नव्हता. गुत्ता सोडून पुलावर बसतोस म्हणजे तिथे उधारी झाली असेल, म्हटलं. गात का नाहीस, म्हटलं, मेल्यावर निदान गाणं तरी सुधारलं. तो गप्प. जिवंतपणी दोन शब्दांना चार उलटे द्यायचा. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायला लागलं होतं. असं ऐकून घेणारा नवरा कुणाला मिळतो?

रस्त्यात मागे वळून मात्र मी कधी बघितलं नाही, आणि ते डागही पुन्हा निरखले नाहीत. जन्मभर या माणसाकडे मी नीट बघितलं नव्हतं, आता काय बघायचं?

एका संध्याकाळी डास फार झाले होते. मी दार उघडून सायकल आत घेतली, पायरी चढून दिवा घालवला, तरी मागे कॅरिअर काळंच. दाराच्या फटीतून डासांची फौज आत.

"बसून काय राहिलास?" मी खेकसले. "यायचं असेल तर ये आत, नाहीतर नीघ. दार लावायचंय मला."

स्वयंपाकघरातून परत येऊन दिवा लावून घालवला, तेव्हा कॅरिअर चमकत होतं. पायरीची कडा मात्र मधे दोन ठिकाणी विझली होती, पावलाएवढी.

मग काय, घरचाच झाला. कधी पायरी विझलेली, कधी बोळातल्या कठड्याचा तुकडा. मी त्याच्या जुन्या जागी सहज म्हणून साके दारूचा पेला ठेवला, बघू म्हटलं. सकाळी पेला भरलेलाच. "दारू सोडलीस?" मी मोकळ्या खोलीला विचारलं. "आधी सोडायला काय झालं होतं?"

६

शरदातल्या पितरांच्या सुट्टीला चिझुरु आली, बापाच्या थडग्याला फुलं वाहायला आणि माझा निकाल लावायला. आल्या आल्या गॅसची नळी वाकून बघितली, फ्रिजमधल्या डब्यांचा वास घेतला. मी भाताचे लाडू लाल घेवड्याच्या पुरणात घोळवत बसले होते आणि ती माझे हात थरथरतात का ते बघत होती. मला काय कळत नाही?

अंधार पडल्यावर म्हणाली, "आई, सायकल चालवून दाखव बघू."

मी गल्लीत दोन फेऱ्या मारल्या. सायकल पिसासारखी हलकी. मागे कुणी नाही. कुवाबारा दारातून ओरडला, "चिझुरु, तुझी आई म्हणजे दीपगृह झालीय!" आणि माझी पोरगी चक्क टाळ्या वाजवायला लागली.

जेवणं झाल्यावर ती मोरीकडे जाऊन आली आणि ओले हात पुसत म्हणाली, "आई, बोळातला कठडा मधेच चमकत नाही गं."

"रंग स्वस्तातला आहे."

"मघाशी तर पूर्ण चमकत होता. मी हात ठेवायला गेले तर तिथेच..." ती थांबली. "बोळात गार पण किती वाटतं."

"मोरीत गारच वाटणार, चिझुरु. सातव्या मजल्यावर राहून विसरलीस."

"आणि तू आत कुणाशी बोलत होतीस?"

"टीव्हीशी."

"टीव्ही बंद होता."

"म्हणूनच बोलत होते. चालू असताना तो मला बोलू देतो का?"

ती हसली. माझ्या मात्र काखेत घाम सुटला होता. त्या रात्री ती माझ्या शेजारीच गादी घालून झोपली आणि मी पहाटेपर्यंत तिचा श्वास ऐकत पडले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडीत बसताना तिने माझा हात धरला. "ठीक आहे आई. तू जिंकलीस. राहा इथेच. बाबा गेल्यापासून तू उलट धडधाकट दिसतेस. घर विकायचा विषय मी काढणार नाही."

गाडी वळणाआड गेली आणि मी रस्त्यात उभी राहून स्वतःशीच हसले. घर माझं! आता त्यात एकच भाडेकरू जास्तीचा होता.

७

माळ्यावरचं खोकं काढलं. कंदील बाजूला ठेवला, काड्या घेतल्या. दिवेलागणीला दारात जाळ केला. महिनाभर उशीर झाला होता, पण याला तरी आयुष्यात कधी वेळेवर कुठे जाता आलं होतं?

कुवाबारा टेम्पोतून डोकावला. "वहिनी, बोन कधीच संपलं!"

"तुम्ही रस्त्याकडे बघा."

काड्या तडतडल्या. धूर सरळ वर गेला. मी दार सताड उघडं ठेवलं आणि आत तोंड करून म्हटलं, "तोकुजी, चल. आणलं तेवढं पुष्कळ झालं. आता पायी जा." एवढंच म्हणायचं होतं, पण पुढे तोंडातून निघून गेलं, "सांभाळून जा." डोळे चुरचुरले. धूर असेल.

जाळ विझला, राख पाणी टाकून सारली, दार लावलं. मग एकेक दिवा लावून बंद करत घरभर फिरले. सायकल या टोकापासून त्या टोकापर्यंत चमकत होती, कॅरिअरसकट. पायरी अखंड. बोळातला कठडा अखंड. गेला! मी उरलेले दोन्ही लाडू उभ्या उभ्या खाल्ले. चाळीस वर्षांनी सुटले, आणि या खेपेला कायमची.

लवकरच गादी घातली. चष्मा लावून विणकाम घेऊन पडले. डोक्यावर दिवा, दिव्याची दोरी माझ्या छातीच्या वर हातभर, टोकाला तो लाकडी गोळा. बाहेर कुवाबाराकडे टीव्ही चालला होता, मासाए भांडी घासत होती. ओळखीचे, कंटाळवाणे आवाज. मी टाके मोजत होते.

दोरी हलली. वारा म्हटलं. खिडकी बंद होती, पण जुनं घर आहे, फटी असतात. मग दोरी हलायची थांबली आणि ताठ झाली. तिच्याकडे बघता बघता दिव्यात खटका वाजला आणि काळोख झाला.

स्प्रिंग गेली असेल. जुना दिवा. मी तशीच पडून राहिले आणि वर गोळा शोधायला लागले. इतका वेळ दिव्याखाली होता, लख्ख दिसायला हवा होता. दिसत नव्हता. तुटून गादीवर पडला असेल, म्हणून हात फिरवला. गादीवर विणकाम होतं, सुया होत्या, गोळा नव्हता. तो वर होता, त्याच्या जागी, कारण तिथे काळोखात एक केसाएवढी हिरवट रेघ होती, मुठीच्या फटीतून दिसावी तशी.

"गेला नाहीस होय?" मी म्हटलं. माझा आवाज मला ओळखू आला नाही. "तोकुजी? ऐकायचं नाही असं ठरवूनच जन्माला आलास का रे?"

गुत्त्यापाशी न बसणारा, न गाणारा, पेल्याला न शिवणारा तो तिथे वर गप्प उभा होता, आणि मला एकदम या सगळ्या गोष्टी ओळीने आठवल्या. पुलावर कोण बसतं हे मी कधी विचारलं नव्हतं. हाक मीच मारली होती. आत ये असं मीच म्हटलं होतं. डोळ्यांवर आज चष्मा होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी नीट बघत होते.

"तूच ना रे?" मी विचारलं. "अहो, तुम्हीच ना?" लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर मी त्याला कधी अहो म्हटलं नव्हतं. त्या क्षणी तो दारुडा, आळशी, नालायक माणूस तिथे असावा म्हणून मी काय वाटेल ते दिलं असतं. घरसुद्धा.

वरची मूठ सैल झाली. विचारलंय म्हणून दाखवावं, तशी सावकाश. एक बोट उचललं गेलं आणि हिरवट उजेडाची एक पट्टी दिसली. मग दुसरं. मग तिसरं. बास, मी मनात म्हटलं, आता बास, इथेच थांबा. शेजारी मासाएने नळ बंद केला.

मग चौथं बोट उचललं गेलं, आणि शेवटी अंगठा.